चहाचा खर्च काढण्याची सोपी रीत

देशभरातल्या कुटुंबांच्या पाहणीची आकडेवारी आपणही हाताळून पाहावी, असं ज्यांना अलीकडेच वाटू लागलं आहे त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांना ते दहा वर्षांपूर्वी वाटलं होतं त्यांनी वाचू नये. जुनी दुखणी वर येतात.

साहित्य : संगणक एक. वही एक. 'मला एक्सेल येतं' हा समज चिमूटभर. जास्त पडल्यास पदार्थ कडू होतो. आणि एक प्रश्न. प्रश्न नसताना आकडेवारी उतरवून घेणं म्हणजे काय रांधायचं ते न ठरवता मंडईत जाणं. पिशवी भरते, स्वयंपाक होत नाही. नमुन्यादाखल आपण एक साधा प्रश्न घेऊ : महाराष्ट्रातलं एक घर महिन्याला चहावर किती पैसे खर्च करतं? साधा म्हटलं आहे, सोपा म्हटलेलं नाही.

पहिली पायरी : फुकट मिळतं यावर विश्वास ठेवा

बऱ्याच जणांचा घात इथेच होतो. सरकारी माहिती म्हटली की कुणाची तरी ओळख लागणार, अर्ज लागणार, अर्जाला तिकीट लागणार, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. प्रत्यक्षात केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नाव नोंदवलं की राष्ट्रीय नमुना पाहणीतली एकेका घराची नोंद घरबसल्या, विनामूल्य उतरवता येते. नावं आणि पत्ते तेवढे त्यात नसतात. एके काळी हीच माहिती सीडीवर विकत घ्यावी लागे, आणि ज्या संस्थेकडे ती असे तिथल्या कपाटाची किल्ली ज्यांच्या कनवटीला असे, त्यांचा रुबाब गाभाऱ्यातल्या गुरवासारखा असे. ते दिवस गेले. गुरव निवृत्त झाले. गाभारा उघडा आहे आणि आत कुणी फिरकत नाही.

नोंदणी करताना माहिती कशासाठी हवी, अशी विचारणा होते. तिथे 'चहा' लिहू नका. 'घरगुती उपभोगाच्या आकृतिबंधाचा अभ्यास' असं लिहा. अर्थ तोच आहे.

ज्यांना एकेका घराची नोंद नको, नुसतं उत्तर हवं, त्यांनी सरळ छापील अहवाल वाचावा. हा सल्ला मी कळकळीने देतो आणि तो कुणीही ऐकत नाही. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीचा अहवाल उघडा. २ लाख ६१ हजार ९५३ घरांकडे जाऊन केलेली ही पाहणी. तिच्यानुसार ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये, शहरी भागात ६,९९६. खाण्यापिण्यात सगळ्यात मोठा वाटा कशाचा? धान्याचा नाही, दुधाचा नाही. 'पेयं आणि तयार खाद्यपदार्थ' या गटाचा : एकूण खर्चाच्या ग्रामीण भागात ९.८४ टक्के, शहरी भागात ११.०९ टक्के. आपला चहा या गटात बसलेला आहे. पण बिस्किटं, फरसाण, सरबतं यांच्या मांडीला मांडी लावून. त्याला एकट्याला बाहेर बोलवायचं तर आत जावंच लागेल.

दुसरी पायरी : फाइल उघडा, मग बंद करा

उतरवलेली झिप फाइल उघडली की जुन्या फेऱ्यांच्या बाबतीत आतून नेस्स्टार नावाची एक फाइल निघते. ती वाचायला त्याच नावाचा प्रोग्राम लागतो आणि तो फक्त विंडोजवर चालतो. मॅक बाळगणाऱ्यांनी या टप्प्यावर विंडोजवाला एक मित्र करावा. इतर ठिकाणी नुसत्या मजकुराच्या फाइली मिळतात. त्यातली एक उघडून पाहा. आकडेच आकडे. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये ना जागा, ना स्वल्पविराम, ना रेघ.

ज्यांनी मोडीतला एखादा जुना कागद पाहिला असेल ते घाबरणार नाहीत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरं लटकवत जाई. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. इथेही तेच. पंधराव्या जागेवरचा अंक ग्रामीण-शहरी सांगतो की सोळाव्या, हे ओळीकडे टक लावून कळत नाही. त्यासाठी सोबत 'लेआउट' नावाचा तक्ता दिलेला असतो. कोणती माहिती कितव्या जागेपासून कितव्या जागेपर्यंत, हे त्यात लिहिलेलं असतं. ही तुमची बाराखडी. ती न पाहता फाइल एक्सेलमध्ये ओढलीत तर एक्सेल आपल्या अकलेने अख्ख्या ओळीला एकच प्रचंड संख्या समजेल, तिच्या शेवटच्या आकड्यांची शून्यं करेल आणि तुम्हाला काही बोलणारही नाही. फाइल बंद करा. आर किंवा स्टाटा यांपैकी एखादा आकडेवारीचा प्रोग्राम शिका. मग या. आम्ही थांबतो.

तिसरी पायरी : घर म्हणजे काय ते विचारा

आता नवशिक्याला वाटतं, घर म्हणजे घर. इथे मात्र मराठी माणसाला एक उपजत फायदा आहे, कारण पाहणीची व्याख्या आपल्या आज्या-पणज्यांना पाठ होती. जे एकत्र राहतात आणि एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब. भिंती मोजायच्या नाहीत, सातबारा पाहायचा नाही, आडनाव विचारायचं नाही, चूल मोजायची. एका वाड्यात तीन भाऊ आणि तीन चुली असतील तर तीन कुटुंबं, मग गणपती एकच बसत असला तरी. उलट, राहतं घर आणि पंगत तुमच्यासोबत असलेला गडी तुमच्या कुटुंबाचा सदस्य. वसतिगृहात राहणारा प्रत्येक विद्यार्थी हे एकट्याचं स्वतंत्र कुटुंब. एका खोलीत चार कुटुंबं आणि चौघांत मिळून एक बादली, ही परिस्थिती पाहणीच्या नियमांत चोख बसते.

कुटुंबप्रमुख कोण, हे मात्र पाहणी ठरवत नाही. घरातले सांगतील तो प्रमुख. मग इतर सगळ्यांना त्याच्याशी असलेल्या नात्यावरून एक अंक मिळतो : प्रमुख १, त्याची बायको किंवा तिचा नवरा २, लग्न झालेलं मूल ३, आणि सून किंवा जावई ४. आईवडील आणि सासूसासरे दोन्ही ७. ज्या अंकात आई आणि सासू एकत्र नांदतात असा दुसरा अंक मला माहीत नाही.

चौथी पायरी : शीत किती भाताचं ते शोधा

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण नमुना पाहणीच्या प्रत्येक मराठी भाषणात येते, म्हणून इथेही आणली. म्हण खरी आहे. ती फक्त दोन गोष्टी सांगत नाही. भात आधी ढवळला होता का, आणि ते एक शीत किती शितांच्या वतीने बोलतंय.

ढवळण्याचं काम पाहणी करणारे करतात. गावं आणि शहरातले विभाग वेगवेगळ्या थरांत वाटायचे, प्रत्येक थरातून काही निवडायचे, मग निवडलेल्या जागी घरांची यादी करून तिचेही थर पाडायचे. २०२२-२३ पासूनच्या उपभोग पाहणीत शहरी घरांचे थर कशावरून पाडले माहीत आहे? मोटारीवरून. दहा लाखांहून महाग मोटार असलेली घरं एका थरात, त्याहून स्वस्त मोटारवाली दुसऱ्यात, बाकीची सगळी तिसऱ्यात. कारण उघड आहे. नुसत्या नशिबावर सोडलं तर श्रीमंत घर नमुन्यात क्वचितच सापडतं. सापडलं तर दार उघडत नाही.

दुसरी गोष्ट तुमची. प्रत्येक घराच्या ओळीत शेवटाकडे 'मल्टिप्लायर' नावाची संख्या असते. हे घर देशातल्या किती घरांच्या वतीने बोलतंय, ते ती सांगते. तिच्याशिवाय काढलेली सरासरी ही फक्त सापडलेल्या घरांची सरासरी, महाराष्ट्राची नव्हे. आणि गंमत अशी की ही संख्या थेट वापरायची नसते. बऱ्याच फेऱ्यांत नमुना दोन उपनमुन्यांत विभागलेला असतो. त्या ठिकाणी दोन्ही उपनमुने हाती आले असतील तर मल्टिप्लायरला २०० ने भागायचं, एकच आला असेल तर १०० ने. ही अट सोबतच्या कागदांत एका ओळीत लिहिलेली असते आणि ती ओळ वाचायची राहून जाते. माझी राहिली होती. माझ्या पहिल्या हिशेबात भारतात काही हजार कोटी घरं निघाली. मी ती दोन दिवस तशीच ठेवून विचार करत होतो, की जनगणनेत एवढी कशी सुटली असतील.

उपनमुन्यांची ही युक्ती संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि उत्तरं ताडून पाहायची. फार फरक पडला तर कुठेतरी पाणी मुरतंय. १९४९ मध्ये देशाचं राष्ट्रीय उत्पन्न मोजायला समिती नेमली तिचे अध्यक्ष महालनोबिस, आणि दोन सदस्यांपैकी एक पुण्याचे धनंजयराव गाडगीळ. मोजायला बसल्यावर लक्षात आलं की घराघरांत काय चाललंय याची माहितीच नाही. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली ती त्या पोकळीतून.

पाचवी पायरी : आता चहा

शेवटी आपण चहापाशी आलो. पाण्याला आधण आलेलं आहे. वस्तूंच्या यादीत चहा शोधा. यादी लहान नाही. २०११-१२ मध्ये ३४७ वस्तू होत्या, २०२२-२३ मध्ये ४०५ झाल्या. चहा सापडतो, पण दोन जागी. एक 'चहा : पत्ती', तो ग्रॅममध्ये. दुसरा 'चहा : कप', म्हणजे बाहेर विकत घेऊन प्यायलेला, तो नगांत. आनंद झाला ना? दोन्हींची बेरीज केली की झालं?

पत्ती म्हणजे चहा नव्हे. साखर साखरेत आहे. दूध दुधात आहे. आलं आणि वेलदोडा मसाल्यांत. गॅस इंधनात. चहाला गेलेली साखर किती आणि शिऱ्याला किती, हे कोणत्याही ओळीत नाही. शिवाय नव्या पाहणीत एकाच घराकडे तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा जातात : एकदा खाण्यापिण्याचं विचारायला, एकदा इंधन-शिक्षण-औषधपाणी-सेवा यांसाठी, एकदा टिकाऊ वस्तूंसाठी. म्हणजे पत्ती श्रावणातली आणि गॅस भाद्रपदातला, असं होऊ शकतं. त्यातही पत्तीबद्दल विचारतात 'गेल्या सात दिवसांत किती?', आणि साखरेबद्दल 'गेल्या तीस दिवसांत किती?'

हा सात-तीसचा घोळ क्षुल्लक वाटतो. तसा तो नाही. त्यावर अर्थशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले आहेत. माणसाला सात दिवसांपूर्वीची भाजी आठवते, तीस दिवसांपूर्वीची आठवत नाही. त्यामुळे नेहमीच्या जिनसा सात दिवसांवर विचारल्या की खर्च जास्त निघतो, आणि खर्च जास्त निघाला की कागदावरचे गरीब कमी होतात. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत खाण्याच्या वस्तूंसाठी एकाच घराला सात दिवसांचं आणि तीस दिवसांचं असं दोन्ही, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारलं. झालं असं की एका उत्तराची सावली दुसऱ्यावर पडली. समोर सातचा आकडा दिसत असताना तीसचं उत्तर कोण वेगळं देणार? आधीच्या फेऱ्यांशी तुलना अडली, आणि त्या दशकात देशातलं दारिद्र्य किती घटलं यावर मोठा वाद पेटला. एका रकान्याच्या जागेवरून. म्हणून आकडा पाहण्याआधी प्रश्नपत्रिका पाहायची. प्रश्नपत्रिका फुटली तर आपल्याकडे गहजब होतो. इथे प्रश्नपत्रिका जाहीर पडलेली असते आणि ती कुणी वाचत नाही.

शिवाय उत्तर देतंय कोण? बहुधा दुपारी घरात सापडलेली एक व्यक्ती, सगळ्यांच्या वतीने. आई सांगते, 'हा बाहेर चहा घेत नाही.' हा कचेरीखालच्या टपरीवर दिवसाला चार घेतो. पाहणीच्या दृष्टीने ते चार कप भारतात प्यायलेच गेलेले नाहीत. त्यातला चौथा कचेरीने फुकट दिलेला असेल तर तो आणखी निराळा विषय. पाहुण्यांना घरी करून दिलेला चहा मात्र यजमानाच्या खात्यात जातो. तेव्हा सरासरीवरून कोणतं घर चहाबाज ते ठरवू नका. कदाचित ते नुसतं आतिथ्यशील असेल.

कोकणातल्या काकूंनी विचारलं होतं, की परसातल्या झाडाचे आंबे खाल्ले त्याचं काय लिहायचं? पैसे तर दिले नाहीत. लिहायचं, काकू. घरच्या उत्पादनाची किंमत जागेवरच्या दराने धरतात, बाजारभावाने नाही. वाशीच्या बाजारात त्या आंब्याला जो भाव येतो तो तुम्ही खाल्लेला नाही.

मिठाची गोष्ट

इथे नवशिक्यांनी जरा दम खावा. खर्चाच्या आकड्यांवर विश्वास कितपत ठेवायचा याचा यापेक्षा चांगला धडा मला मिळालेला नाही, आणि तो सांख्यिकीतज्ज्ञ सी. आर. राव यांनी लिहून ठेवला आहे.

१९४७ ची दिल्ली. दंगलींतून जीव वाचवून आलेले लोक लाल किल्ल्यात आश्रयाला होते. त्यांना जेवू घालायचं काम सरकारने कंत्राटदारांना दिलं होतं. आत माणसं किती हे सरकारला माहीत नव्हतं आणि आत जाऊन मोजणं शक्य नव्हतं. कंत्राटदार जी बिलं पाठवतील ती भागवायची. बिलं फुगत चालली. तेव्हा काही संख्याशास्त्रज्ञांना विचारलं : आत न जाता माणसं मोजून द्या. त्यांच्या हाती फक्त बिलं होती, तांदळाची, डाळीची, मिठाची. माणसाला रोज साधारण किती तांदूळ, किती डाळ आणि किती मीठ लागतं, याचे आकडे आधीच्या कौटुंबिक पाहण्यांतून मिळालेले होते. भागाकार केला. तिन्हींनी तीन वेगळ्या संख्या दिल्या. तांदळावरून सगळ्यात मोठी, मिठावरून सगळ्यात लहान. त्यांनी मिठाची संख्या धरली. तांदूळ महाग, त्याचं बिल फुगवण्यात पैसा आहे. मीठ मातीमोल, त्यात खोटं बोलून काय मिळणार? हीच रीत मग हुमायूनच्या कबरीजवळच्या छोट्या छावणीवर लावून पाहिली, जिथली माणसं मोजता येत होती, आणि उत्तर जुळलं.

आपल्या पाहणीतही मीठ आहे. साखरेच्या शेजारी. एखाद्या घराच्या खर्चावर विश्वास बसत नसेल तर तिकडे डोकावून या.

चहा केला कोणी?

यापुढच्या पायऱ्यांना क्रमांक देत नाही. इथून पुढे नवशिके खाली-वर करतच राहतात.

चहाच्या खर्चानंतर स्वाभाविक प्रश्न येतो तो चहा करणाऱ्या व्यक्तीचा. त्यासाठी २०१७ पासून चालणारी श्रमबळाची पाहणी आहे. तिथे प्रत्येकाच्या कामाला दोन अंकी कोड असतो. पगारी नोकर ३१. स्वतःचा धंदा करणारा ११. सार्वजनिक कामांबाहेरची रोजंदारी करणारा ५१. पेन्शनीत किंवा भाड्यावर जगणारे ९४. पुण्यातल्या काही पेठांत हा कोड फिल्टर लावून पाहावा, वेळ चांगला जातो. आणि फक्त घरकाम करणारी व्यक्ती ९२. तिने घरकामासोबत सरपण आणलं, परसातली भाजी काढली, घरच्यांचे कपडे शिवले तर ९३. दोन्ही कोड 'श्रमबळात नाही' या खात्यात.

दार उघडणाऱ्या बाईला विचारतात, काय करता? ती म्हणते, काही नाही, घरीच असते. लिहिणारा ९२ लिहितो. त्याच घरात तिने गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या पिठाच्या गिरणीत एखाद्या दिवशी तासभर दळण घेतलं असेल, आणि लिहिणाऱ्याने एक प्रश्न जास्त विचारला, तर चालू आठवड्याच्या हिशेबात ती रोजगार असलेली ठरते. एका तासाने. देशातल्या कामकरी बायकांच्या टक्केवारीवर कितीही मोठी चर्चा ऐकलीत तरी तो जास्तीचा प्रश्न डोक्यात ठेवा.

'काही नाही' किती वेळ चालतं, हे बघायला वेळेच्या वापराची पाहणी आहे. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण. २०२४ मध्ये विनामोबदला घरकामाला दिवसाचा सरासरी वेळ, ते करणाऱ्या बायकांचा २८९ मिनिटं, ते करणाऱ्या पुरुषांचा ८८. 'ते करणाऱ्या' हे शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिले. जे पुरुष त्या दिवशी काहीच करत नाहीत ते या सरासरीत नाहीतच.

दहा मीटर उंचीची बाई

चहाचा नाद सोडून काही जण आरोग्याकडे वळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पहिली १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. ती चालते मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून. पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजार ६९९ घरं आणि ७ लाख २४ हजार ११५ बायका. बायकांना दूध-दही, डाळी, पालेभाजी, फळं, अंडी, मासे, तळलेले पदार्थ आणि बाटलीतली शीतपेयं किती वेळा खाता-पिता हे विचारतात. त्या यादीत चहा नाही. यावर मी काही बोलणार नाही.

या पाहणीत जिल्ह्यापर्यंतचे आकडे मिळतात, म्हणून नवशिके हिच्यावर तुटून पडतात. तीन सापळे सांगतो. एक, भारांक, म्हणजे इथला मल्टिप्लायर, दहा लाखांनी भागायचा असतो. न भागल्यास वर सांगितलेला हजारो कोटींचा आजार पुन्हा होतो. दोन, राज्यांचे कोड फेरीगणिक बदलतात. चौथ्या फेरीत ते इंग्रजी वर्णानुक्रमाने होते आणि महाराष्ट्र २० होता. पाचव्यात जनगणनेचे कोड आले आणि महाराष्ट्र २७ झाला. पाचव्या फेरीत २० म्हणजे झारखंड. दोन फेऱ्या जोडून 'महाराष्ट्रात मोठा बदल' असा निष्कर्ष काढलेला एक प्रबंध माझ्या हातून परत गेला आहे; बदल खराच मोठा होता, सुमारे हजार किलोमीटरचा.

तिसरा सापळा माझा आवडता. बायकांची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, १५२० म्हणजे १५२ सेंटिमीटर. मोजू दिली नाही तर त्या जागी ९९९५ हा कोड टाकतात. नवशिका तो न काढता सरासरी घेतो. मग 'नको, मला मोजायचं नाही' असं म्हणणारी प्रत्येक बाई दहा मीटर उंच होते. चूक म्हणून ही चूकच. पण मला ती पुसायला नेहमी थोडं जिवावर येतं.

मधल्या रिकाम्या जागा

कालक्रमाने आलेख काढायला बसलात की एक खड्डा लागेल. उपभोग खर्चाचे २०११-१२ चे आकडे आहेत, त्यानंतर थेट २०२२-२३ चे. मध्ये पाहणी झाली नाही असं नाही. २०१७-१८ मध्ये झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने तिचे निकाल प्रसिद्ध करणार नसल्याचं जाहीर केलं, कारण सांगितलं आकडेवारीच्या दर्जाचं. नवशिके तिथे तुटक रेघ ओढतात. ओढा. फक्त तुटक आहे हे खाली लिहा.

आणि संगणक बंद पडला म्हणून काम अडलं असं सांगू नका. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी याच पाहणीचे छापील तक्ते घेऊन १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. दिवसाला २२५० उष्मांक मिळायला किती खर्च लागतो, तिथून सुरुवात केली आणि १९६०-६१ च्या किमतींत ग्रामीण भागासाठी माणशी महिना १५ रुपये, शहरी भागासाठी साडेबावीस, अशी रेषा आखली. पंधरा रुपयांत आज टपरीवर फार तर एक चहा येतो. असं वाक्य लिहून लगेच खोडावं. महागाईचा निर्देशांक न लावता केलेली तुलना पहिल्याच पायरीवर बाद होते.

प्रात्यक्षिक

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत ही पाहणी आली. खांद्याला टॅबलेटची पिशवी अडकवलेली एक तरुण मुलगी. आधी वॉचमनने तिला तीन वेळा परत पाठवलं, चौथ्यांदा सेक्रेटरींनी ओळखपत्राचा फोटो काढून घेतला. मग तिने कुणाकडे दहा लाखांवरची मोटार आहे हे विचारलं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आयकर, रेशनकार्ड आणि विमा कंपन्या यांवर रात्री दीडपर्यंत चर्चा चालली.

मी तयारीत होतो. पंधरा वर्षं दुसऱ्यांची घरं उलगडल्यावर आज स्वतःची ओळ भरायची होती. आधीच्या महिनाभर मी वही ठेवली होती : पत्ती वजनकाट्यावर तोलून, साखर चहाची वेगळी आणि बाकीची वेगळी, टपरीवरचे कप तारीखवार. बायकोने हा महिना कसा काढला ते तिलाच माहीत.

यादी झाली, यंत्राने घरं निवडली. आमचं आलं नाही. शेजारचं आलं.

शेजाऱ्यांनी जाळीच्या दारातून 'साहेब बाहेरगावी आहेत' असं सांगितलं. साहेबांच्या खोकल्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. मी तिला आत बोलावलं, वही दाखवली, म्हटलं, सगळं ग्रॅममध्ये आहे, हेच भरा, घर काय इथून चार फुटांवर. ती हसली. 'सर, तुमचं घर नमुन्यात नाहीये.' हे वाक्य मी वर्गात पन्नासदा फळ्यावर लिहिलेलं होतं. मला कुणी ते तोंडावर म्हटलं नव्हतं.

बायकोने चहा आणला. साखर कमी हवी होती त्या मुलीला. कप ठेवून ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि शेजारची बेल पुन्हा वाजवली. मी सवयीने वहीत लिहिलं : चहा, एक कप, पाहुणी. मग आठवलं, ही वही कुणी मागितलेली नाही.